कुत्र्याच्या गुडघ्यातील बंध तुटल्यास : शस्त्रक्रियेची निवड आणि पुढील काळजी

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याला कुत्र्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रात्री पिकात रानडुकरे शिरली, विहिरीवरच्या मोटारीची केबल कोणी ओढू लागले किंवा गोठ्याच्या आसपास बिबट्या फिरकला, तर पहिली वर्दी कुत्राच देतो. असा हा कुत्रा एके दिवशी अचानक मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चालू लागतो. घरची मंडळी पंजात काटा शोधतात, पाय चोळतात, हळद-तेल लावतात. आठ-दहा दिवसांत तो पाय थोडा टेकवू लागला की विषय मागे पडतो. महिन्याभराने एखाद्या मांजरामागे पळाला की पाय पुन्हा वर. असे दोन-चार वेळा झाले की मांडी वाळते, गुडघा जाडसर दिसू लागतो आणि हा कुत्रा आता कामाचा राहिला नाही असे ठरवून नवे पिल्लू आणले जाते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशा लंगडणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच कुत्र्यांच्या गुडघ्यातील एक महत्त्वाचा बंध तुटलेला असतो. हा दोष शस्त्रक्रियेने पुष्कळ अंशी सुधारता येतो. काही कुत्र्यांत तो शस्त्रक्रियेवाचूनही सुधारतो. आता खेड्यापाड्यांतही लॅब्रेडॉर, रॉटवायलर अशा वजनदार जाती पाळल्या जातात आणि याच जातींत हा दोष विशेष आढळतो. म्हणून शस्त्रक्रिया करावी की नाही, कोणती करावी आणि केल्यावर काही बिघडले तर काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

नेमके काय तुटते?

जनावरांच्या बाबतीत आपण पुष्कळदा पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याला गुडघा म्हणतो. खरा गुडघा मागच्या पायात, पोटालगत असतो. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी अशी त्याची रचना आहे. या सांध्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांवर फुलीसारखे आडवे गेलेले असतात. त्यांपैकी पुढचा बंध नडगीला पुढे घसरू देत नाही आणि आतल्या बाजूला पिळू देत नाही. तो तुटला की कुत्र्याने पाय टेकताच नडगी पुढे सरकते, मांडीचे हाड मागे घसरते आणि त्यांच्या मधली कूर्चेची गादी चिरडली जाते. वेदना होते ती यामुळे.

कबड्डी खेळणाऱ्या मुलांचाही हाच बंध तुटतो. फरक एवढाच की माणसात तो बहुधा एका झटक्यात तुटतो, तर कुत्र्यात आधी बरेच महिने आतून झिजत असतो. पूर्वी मोटेचा नाडा जसा एकेक पदर विरत जाई आणि एके दिवशी साध्या ओढीने तुटे, तसेच हे आहे. म्हणून "काल काही झाले नव्हते, नुसता ओट्यावरून उतरला" असे मालक सांगतात ते खरेच असते. लठ्ठपणा हे या झिजेचे मोठे कारण. जातीचाही भाग आहे. ग्रेहाऊंडसारख्या सडपातळ शिकारी जातींत हा दोष कमी दिसतो. मोठ्या जातींच्या कुत्र्यांचे वयाच्या पहिल्या वर्षातच खच्चीकरण केल्यास त्यांच्यात हा धोका वाढतो, असेही आढळले आहे.

आणखी एक खुलासा करणे जरूर आहे. बैलाचा मागचा पाय ताठ अडकतो व झटका देऊन सुटतो, त्यावर पशुवैद्यक वाटीचा एक बंध कापतात आणि बैल लगेच चालू लागतो, हे अनेकांनी पाहिले असेल. कुत्र्याची ही शस्त्रक्रिया तशी नव्हे. तेथे जास्त ओढ धरणारा बंध सोडवायचा असतो. येथे गेलेल्या बंधाचे काम दुसऱ्या कशावर तरी सोपवायचे असते. म्हणून तेथे बैल दुसऱ्या दिवशी बरा दिसतो, तर येथे तीन महिने धीर धरावा लागतो.

कसे ओळखावे?

सर्वप्रथम पंजा पाहावा. बाभळीचा काटा, नखाची जखम, बोटांच्या बेचक्यातील गोचीड ही लंगडण्याची साधी कारणे आधी बाजूला करावीत. पंजा निर्दोष असेल तर कुत्रा कसा बसतो ते पाहावे. बंध तुटलेला कुत्रा दोन्ही मागचे पाय सरळ दुमडून बसत नाही. दुखरा पाय बाजूला फाकवून, एका कुल्ल्यावर बसतो. उभा असताना त्या पायाची फक्त बोटे टेकवतो. मागे उभे राहून दोन्ही मांड्या दोन्ही हातांत धरल्यास एक मांडी बारीक लागते. दुखणे जुने असेल तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला टणक जाडी हाताला लागते. चालताना गुडघ्यातून 'कट' असा आवाज आल्यास गादी फाटली असण्याचा संभव असतो.

पक्के निदान मात्र पशुवैद्यकानेच करावयाचे असते. मांडीचे हाड स्थिर धरून नडगी पुढे सरकते का, हे ते हाताने पाहतात. कुत्रा घाबरून स्नायू ताठ करतो, म्हणून ही तपासणी थोडी गुंगी देऊन केल्यास अधिक खात्रीची होते. बंध क्ष-किरण चित्रात दिसत नाही. तरीही चित्र काढणे आवश्यक आहे, कारण सांध्यातील सूज, संधिवाताची सुरुवात आणि नडगीच्या माथ्याचा उतार त्यात कळतो. शिवाय मोठ्या जातीच्या, उतारवयाच्या कुत्र्यांत हाडाचा कर्करोगही असाच लंगडत सुरू होतो. तो न पाहता गुडघा उघडणे म्हणजे पैसा आणि कुत्रा दोन्ही गमावणे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे सुजतात. पण त्यात बहुधा एकापेक्षा अधिक पाय दुखतात आणि कुत्रा मलूल असतो.

शस्त्रक्रिया करावी की नाही?

येथे कुत्र्याचे वजन सर्वांत आधी पाहावे. अमेरिकेत १९८४ साली व्हॅसूर यांनी शस्त्रक्रिया न केलेल्या ८५ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. १५ किलोपर्यंतच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के कुत्री बरी झाली किंवा सुधारली; त्याहून जड कुत्र्यांत हे प्रमाण फक्त १९ टक्के होते. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात जड व लठ्ठ कुत्र्यांचे वजन कसोशीने उतरवले, वेदनाशामक औषध व व्यायाम दिला, तेव्हा शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकीही जवळजवळ दोन तृतीयांश कुत्री वर्षअखेर समाधानकारक चालत होती. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण तीन चतुर्थांश होते आणि त्यांची सुधारणा लवकर झाली होती. तात्पर्य, जड कुत्र्याला शस्त्रक्रिया अधिक लाभते. पण जो मालक ती करू शकत नाही त्याने हात टेकण्याचे कारण नाही.

समजा, आपल्या घरी ९ किलोचा पॉमेरेनियन आहे. त्याला सहा ते आठ आठवडे बांधून विश्रांती द्यावी, वजन उतरवावे आणि मग ठरवावे. वस्तीवर ३४ किलोचा, चार वर्षांचा लॅब्रेडॉर असेल आणि खर्च झेपत असेल, तर वाट पाहण्यात फायदा नाही. दर महिन्याला सांधा झिजतो व गादी फाटण्याचा धोका वाढतो. गावठी कुत्रा या दोहोंच्या मध्ये पडतो. तो अंगाने हलका व काटक असल्याने प्रथम सहा ते आठ आठवड्यांची कडक विश्रांती देऊन पाहणे आमच्या मते योग्य. त्यानंतरही पाय टेकत नसेल, तर गादी फाटली असावी असे समजून शस्त्रक्रियेचा विचार करावा, कारण फाटलेली गादी विश्रांतीने जुळत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, घरच्या माणसांची आहे. शस्त्रक्रियेनंतर १२ आठवडे कुत्रा मोकळा सुटता कामा नये. घरी कोणी नसते, सारे जण दिवसभर रानात, कुत्रा साखळी तोडतो, अशी स्थिती असेल तर आधी त्याची सोय लावावी आणि मगच तारीख घ्यावी. ऊसतोडीचा हंगाम किंवा पेरणीची घाई असेल तर दोन-तीन आठवडे थांबल्याने फारसे बिघडत नाही. शस्त्रक्रिया करून कुत्रा चौथ्या दिवशी मोकळा सोडण्यापेक्षा ती न केलेली बरी.

कोणती शस्त्रक्रिया?

फिनलंडच्या पात्सामा यांनी १९५२ साली मांडीवरील आवरणाची पट्टी सांध्यातून ओवून नवा बंध करण्याची रीत मांडली, तेव्हापासून अनेक पद्धती निघाल्या. आज मुख्यतः दोन प्रकारांतून निवड करावी लागते.

पहिल्या प्रकारात सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा एकपदरी धागा मांडीच्या हाडामागील लहानशा हाडाभोवती आणि नडगीला पाडलेल्या छिद्रातून घेऊन घट्ट आवळतात. १९७०च्या सुमारास रूढ झालेली ही रीत आजही चांगली आहे. हाड कापावे लागत नाही, साधने कमी लागतात, खर्च कमी येतो. हा धागा जन्मभर टिकत नाही; काही महिन्यांत तो सैल होतो किंवा तुटतो. पण तोपर्यंत सांध्याभोवती घट्ट तंतूंचे वेष्टन तयार होते आणि खरा आधार तेच देते. म्हणूनच ते तयार होण्याआधी धागा तुटू न देणे हे सर्व काळजीचे मर्म आहे. लहान व मध्यम कुत्र्यांना ही पद्धत पुरेशी आहे.

दुसऱ्या प्रकारात बंध दुरुस्तच करत नाहीत. हे समजण्यासाठी उतारावर उभी केलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणावी. गाडी दोराने झाडाला बांधली आहे आणि चाकाखाली दगड लावला आहे. दोर तुटला तर गाडी घसरते आणि दगड चिरडत जाते. दोर म्हणजे आपला बंध आणि दगड म्हणजे गादी. आता नवा दोर आणण्याऐवजी खालची जमीनच सपाट केली तर? अमेरिकेतील डॉ. बार्कले स्लोकम यांनी हाच विचार करून १९९३ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागच्या बाजूस साधारण २५ अंशांनी उतरता असतो. गोल करवतीने तो भाग अर्धवर्तुळाकार कापून फिरवतात, उतार सुमारे ५ अंशांवर आणतात आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून पक्का करतात. हाड जुळण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. झुरिक येथे २००२ साली निघालेल्या आणखी एका पद्धतीत नडगीचा पुढचा उंचवटा कापून पुढे सरकवतात. तत्त्व त्याच जातीचे आहे.

३० किलोच्या वरील, पळणाऱ्या, राखणीच्या कुत्र्यासाठी हाड कापण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष अधिक चांगले आहेत. परंतु ती पद्धत विशेष शिक्षण घेतलेल्या शल्यचिकित्सकाच्याच हातची आहे. वर्षातून एखादेवेळी हाड कापणाऱ्यापेक्षा नेहमी नायलॉन बसवणारा कसबी डॉक्टर केव्हाही श्रेष्ठ. म्हणून पद्धतीचे नाव विचारण्याबरोबर "ही आपण किती वेळा केली आहे?" असेही नम्रपणे विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. पद्धत कोणतीही असो, सांधा उघडून गादी तपासणार का आणि फाटलेला भाग काढणार का, हेही विचारून घ्यावे.

खर्च विचारताना नुसत्या शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून परतू नये. भूल, रक्ततपासणी, पट्टी व स्क्रू, औषधे, आठ आठवड्यांनंतरचे क्ष-किरण चित्र आणि बिघाड झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च असा सारा हिशेब एकदम मागावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक निदान करून घेऊन पुढची चिठ्ठी घ्यावी. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रिया विभाग आहेत. तेथे जाण्यापूर्वी आपल्याला हवी ती शस्त्रक्रिया होते का याची चौकशी करावी, म्हणजे लंगड्या कुत्र्यासह हेलपाटा पडत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी

आपल्याकडे गोचिडांचा उपद्रव मोठा. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि कुत्रा वरून धडधाकट दिसत असला तरी शस्त्रक्रियेत रक्त थांबत नाही. यासाठी रक्ततपासणी टाळू नये. पेशी कमी असल्यास आधी त्या तापाचा उपचार करून नंतर तारीख घ्यावी. रेबीजची लस दिलेली असावी. दुखऱ्या पायाला हात लावला की सर्वांत शहाणा कुत्राही चावतो, म्हणून मुस्के बरोबर न्यावे. आदल्या रात्रीनंतर अन्न देऊ नये. पाण्याबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे. अंगावर कोठे गळू, खरूज किंवा कानात पू असेल तर तेही आधी सांगावे. तेथील जंतू पट्टीपर्यंत पोहोचू शकतात.

घरी आणल्यावर

कुत्र्यासाठी गोठ्याच्या किंवा पडवीच्या कोपऱ्यात साधारण सहा फूट लांब, चार फूट रुंद अशी जागा बंदिस्त करावी. शहाबादी फरशी अगर गुळगुळीत टाइल असल्यास त्यावर गोणपाट किंवा सतरंजी घालावी. पाय घसरणे हा या काळातला मोठा शत्रू. लघवी-शौचासाठी आखूड पट्ट्याने धरून पाच मिनिटे बाहेर न्यावे. मोटारसायकलवर, ट्रॉलीत किंवा खाटेवर उडी मारू देऊ नये.

पहिले तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन वेळा गुडघ्याला लावावा. नंतर डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे कुत्र्याला कुशीवर झोपवून गुडघा हळूहळू वाकवावा व सरळ करावा. जखम चाटू देऊ नये. दवाखान्यात मिळणारी गळ्यातील गोल टोपी नसेल तर जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडेला फडके शिवून ती गळ्यात अडकवता येते. रात्रभराच्या चाटण्याने सगळे टाके निघतात, म्हणून दया येऊन ती काढू नये.

बांधलेला कुत्रा फिरत नाही, म्हणून त्याचा आहार साधारण पाव हिश्शाने कमी करावा. भाकरी-दुधाचा मारा नको. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागाव्यात, असे वजन राखावे. दोन आठवड्यांत त्याने बोटे टेकवावीत, सहाव्या आठवड्यापर्यंत चालताना पाय नियमित वापरावा. फिरणे दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवावे. हाड कापले असेल तर आठव्या आठवड्याचे चित्र पाहिल्याखेरीज मोकळे सोडू नये. कुत्रा ठणठणीत वाटला तरी नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याला बरे वाटते आणि आपल्याला कंटाळा येतो, म्हणून याच काळात विशेष जपावे.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले अशा बिबट्याच्या भागातील वाचकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. तीन पायांचा, साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. हे तीन महिने त्याला रात्री दार बंद होणाऱ्या खोलीतच ठेवावे. राखणीचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

औषधाबाबत इशारा

वेदनाशामक म्हणून बहुधा मेलोक्सिकॅम देतात. ते वजनाप्रमाणे मोजून, पोटात अन्न असताना, सांगितलेले दिवसच द्यावे. उलटी, काळसर शौच किंवा खाणे बंद झाल्यास औषध थांबवून कळवावे. घरातील माणसांच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या कुत्र्याला कदापि देऊ नयेत. त्यांनी जठराला छिद्रे पडू शकतात, मूत्रपिंड व यकृत बिघडू शकते. डायक्लोफिनॅक तर गिधाडांच्या मृत्यूमुळे २००६ सालापासून जनावरांसाठी बंद आहे आणि २०२३ साली किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी आली. "एक सुई मारा, लगेच चालेल" असा आग्रह धरून स्टिरॉइड टोचून घेऊ नये. वेदना दबल्याने कुत्रा पळतो आणि उरलेसुरले तुटते. शिवाय मेलोक्सिकॅमसोबत स्टिरॉइड दिल्यास जठरात व्रण पडून रक्तस्राव होण्याची भीती असते.

बिघाड झाल्यास

चांगल्या दवाखान्यांतही शंभर शस्त्रक्रियांत सुमारे पंधरा ठिकाणी लहानमोठी गुंतागुंत होते, हे आधीच माहीत असावे. म्हणजे घाबरगुंडी उडत नाही आणि डॉक्टरशी भांडणही होत नाही. बहुतेक बिघाड वेळीच कळल्यास सुधारतात.

आधी भिण्यासारखे काय नाही ते सांगतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी घोट्याजवळ मऊ सूज उतरते, मांडीच्या आत निळे-जांभळे डाग दिसतात. ते आपोआप जातात. जखमेजवळ थंड, पाणी भरल्यासारखी लहान फुगवटी आल्यास ती बहुधा लसिकेची असते. ती दाभणाने किंवा सुईने फोडू नये. फोडली की त्यात जंतू जातात आणि साधी गोष्ट अवघड होऊन बसते.

मात्र जखम गरम लागते, पू किंवा दुर्गंधी येते, टाके सुटतात, गुदद्वारात थर्मामीटर लावल्यास ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर जातो, कुत्रा खात नाही, असे काही झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मनाने प्रतिजैविक सुरू करू नये. पू तपासणीला पाठवून कोणते औषध लागू पडते ते पाहिल्यावरच उपचार करावा लागतो. धातू किंवा नायलॉनवर जंतूंनी बस्तान बसवले की औषधाने ते दबतात, जात नाहीत. हाडावर पट्टी असल्यास हाड जुळेपर्यंत औषधाने संसर्ग आटोक्यात ठेवतात आणि मग पट्टी काढतात. नायलॉन असल्यास तो काढला की जखम बहुधा भरून येते. दोन-तीन महिने उलटले असतील तर सांध्याभोवतीचे वेष्टन तोवर तयार झालेले असते, म्हणून "धागा काढला, आता सारे वाया गेले" असे मानू नये.

पावसाळ्यात माश्या बसून जखमेत किडे पडतात, हे आपल्याकडचे खास संकट. दिवसातून दोन वेळा जखम उजेडात पाहावी, जागा कोरडी ठेवावी, शेणाच्या ढिगाजवळ कुत्रा बांधू नये. किडे दिसल्यास टर्पेंटाइन, फिनाईल किंवा कीटकनाशक ओतू नये. सांधा किंवा हाड जवळ असताना ही द्रव्ये घातक ठरतात. डॉक्टरांकडून किडे काढून घ्यावेत.

पाय चांगला सुधारत असताना मध्येच कुत्रा तो पुन्हा उचलू लागला, तर ते लक्षण सर्वांत महत्त्वाचे समजावे. पहिल्या काही आठवड्यांत असे झाल्यास धागा तुटणे, स्क्रू सैल होणे, नडगीचा पुढचा उंचवटा मोडणे किंवा संसर्ग यांचा संशय घ्यावा. चार-सहा महिन्यांनी, काही इजा नसताना, 'कट' आवाजासह लंगडणे परत आले तर राहिलेली गादी फाटली असावी. ती छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते. वर्ष-दोन वर्षांनी लंगडणे परतले तरी पट्टीवरील दबलेला संसर्ग विसरू नये. कारण ठरवण्यासाठी नवे क्ष-किरण चित्र हवेच, म्हणून जुनी चित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कोणत्या दिवशी काय दिसले याची टिपणे एका पिशवीत जपून ठेवावीत. दुसरीकडे दाखवायचे असले तरी प्रथम ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना दाखवावे; आत काय केले आहे ते त्यांनाच ठाऊक असते.

एवढे करूनही सांध्यातील संधिवात पूर्ण थांबत नाही. थंडीच्या सकाळी कुत्रा थोडा आखडून उठेल. दहा पावले चालला की मोकळा होतो. शिवाय ज्याचा एक बंध तुटला त्याच्या दुसऱ्या पायाचा बंधही पुढील काही वर्षांत तुटण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते, कारण झीज दोन्हीकडे चालू असते. खर्चाचा अंदाज बांधताना हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या पायाचे वाळणे, बाजूला फाकवून बसणे यांवर दर महिन्याला नजर ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी कुत्र्याचे वजन करावे. दुकानातील धान्याच्या काट्यावर आधी स्वतः, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहिल्यास दोन आकड्यांतील फरक म्हणजे त्याचे वजन होय.